सगुणाक्कांचा तारेचा बटाटा

सगुणाक्कांची आठवण मला प्रथम नाकाला येते. एका देवभीरू, सोवळ्याओवळ्यात आयुष्य घालवलेल्या स्त्रीविषयी असे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, पण इलाज नाही. नासलेले दूध, कोंदट ओले फडके, हिरव्या अंजिराचा चीक आणि ठेचलेली लसूण यांचा मिळून झालेला तो वास होता. आता मी शिरूरला मुलाकडे राहतो. येथे कधी दुधाचे पातेले धुवायचे राहून गेले, की मी पोथी मिटून अंगणात जातो. सूनबाई म्हणतात, "बाबा, एवढं काय त्यात? जरा आंबलंय फक्त." त्यांचे खरे आहे. त्यांनी आक्कांच्या गोठ्याचा कोपरा पाहिलेला नाही.

दौंडच्या एका शाळेत मी पुष्कळ वर्षे संस्कृत शिकवले. रविवारी सकाळच्या डेमू गाडीने खुटबावला उतरायचे, कालव्याच्या कडेने चालत पुढच्या एका वस्तीवर जायचे आणि तेथल्या भैरवनाथाला अभिषेक करायचा, हा माझा नेम. निवृत्तीनंतर शाळा सुटली, नेम सुटला नाही. देऊळ लहान, पण त्याची शिस्त मोठी. नाथाला रोज दुपारी रांधलेल्या अन्नाचा नैवेद्य लागतो आणि तो रांधण्याचा मान एकाच घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या घरातल्या थोरल्या सुनेने देवळामागच्या चुलीवर स्नान करून, ओलेत्याने स्वयंपाक करायचा. मी जाऊ लागलो तेव्हा हा मान सगुणाक्कांकडे होता. आक्कांचे मालक शेवंतीचे वाफे पाहत, धाकटी जाऊ रखमा घरचे पाहत असे आणि आक्का देवाचे पाहत.

उंच, काटक बाई. हाताच्या शिरा वर आलेल्या. बोलणे थोडे आणि तुटक. माणसे त्या तोंडाने ओळखीत, पण वासाने अधिक ओळखीत. मी पायरीवर पाय ठेवायच्या आधीच आतून आवाज येई, "या गुरुजी. गंध आन् जुना कागद आला म्हनलं मी." देवळाचे कारभारी तात्या तपकीर ओढीत. त्यांचे येणे तर आक्कांना वेशीवरूनच कळे, आणि त्या पदर नाकाला लावून बसत.

या नाकाला कारण होते. नैवेद्य चाखायचा नसतो. देवाच्या आधी रांधणाऱ्याच्या जिभेला त्यातला कणही लागता कामा नये. मग वरणात मीठ बरोबर पडले की नाही, हे कळायचे कसे? आक्का झाकण काढीत, वाफेवर वाकत, डोळे मिटून एक श्वास घेत आणि झाकण ठेवून देत.

मी एकदा म्हणालो, "आक्का, मिठाला वास नसतो."

"मिठाला नसतो गुरुजी. पर मीठ पडलं की डाळीचा वास खाली बसतो. न्हाई पडलं तर डाळ उभीच ऱ्हाती."

हे शास्त्र मला कोठे वाचायला मिळाले नाही, परंतु इतक्या वर्षांत त्या वरणाचे मीठ कधी चुकलेले मला आठवत नाही.

एका वर्षी एका सधन बागाईतदाराने भंडाऱ्यासाठी गव्हाचे पोते आणून देवळात ठेवले. वाजतगाजत आणले होते. आक्का आल्या, पोत्याच्या तोंडाशी वाकल्या आणि मागे सरल्या. "ह्यो गहू परत न्या."

बागाईतदार तापला. "आक्का, घरच्या रानातला हाय. एक नंबर माल हाय!"

"माल एक नंबरी आसंल. पर त्यात उंदीर मेलाय."

पोते ओतले. तळाशी, दाण्यांत दडलेले, वाळून चपटे झालेले ते निघाले. मी तोंड फिरवले. आक्कांनी मात्र काडीने ते बाजूला केले, हात धुतले आणि चुलीकडे गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "नाकाला खोटं बोलता येत न्हाई." त्या दिवसापासून गावात कोणी आक्कांच्या नाकावर शंका घेतली नाही. आक्कांनी स्वतःही घेतली नाही.

त्यांचा मुलगा गणेश रांजणगावच्या एका टायरच्या कारखान्यात इंजिनिअर. कारखान्याने त्याला फ्रान्सला धाडले. सून पल्लवी तेथेच गरोदर राहिली, तेव्हा बाळंतपणासाठी आक्कांना जावे लागले. तेवढ्या काळापुरता नैवेद्य रखमाने सांभाळायचा ठरला. आक्का डिंक, अळीव, मेथ्या आणि बाजरीचे पीठ घेऊन गेल्या. तेथे त्यांनी सव्वा महिना घराबाहेरचा घास तोंडात घातला नाही. बाळाला घेऊन बाहेर पडण्याजोगे झाल्यावर गणेशने सगळ्यांना डोंगरातल्या एका गावच्या जत्रेला नेले. तेथे जे घडले ते आक्कांनी परत आल्यावर देवळाच्या ओट्यावर मला सांगितले. एवढे सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकले नव्हते.

"गुरुजी, ही येवढी तांब्याची कढई. आन् एक गडी वल्ह्यावानी लाकूड घिऊन आत घुसळतोय. बटाटा हुता वाटलेला, आन् त्यात कसलं तरी ताजं घट्ट दूध घातलेलं. गड्यानं लाकूड वर उचललं, तर ह्याऽऽ त्याच्या डोक्याच्या वर तार! पाकाची तार ती काय, आन् ही काय! तुटंचना! लोकं टाळ्या वाजवत हुती."

"आणि तुम्ही ते खाल्लेत?"

"आधी वास घेतला की! बटाटा, लोनी, साय, लसून. बास. दुसरं काय न्हाई. ताटलीत बाजूला कसलं तरी आतड्यात भरलेलं मास ठेवलं हुतं त्यांनी. म्या ती ताटली तशीच गनेशच्या हातात दिली आन् कोरी ताटली मागितली. मंग खाल्लं. तीनदा घेतलं. गुरुजी, सांगायला लाज वाटती. खाताना डोळ्यात पानी आलं. नाथाच्या परसादाला बी कवा आलं न्हाई."

त्या पदार्थाला तिकडे आलिगो म्हणतात असे गणेशने पुढे मला सांगितले. आक्का त्याला तारेचा बटाटा म्हणत. मी त्यांचे बोलणे नम्रपणे ऐकले, पण खरे सांगायचे तर लसूण आणि दूध एकत्र, ही कल्पनाच मला सोसवली नाही. आमच्या शास्त्रकारांनी अन्नाचे दोष मोजून ठेवले आहेत. काही अन्न जातीने दुष्ट असते, काही शिळेपणाने, काही कोणाच्या स्पर्शाने. आणि एक दोष असा सांगितला आहे की ज्यात बाहेरून काही वावगे नसेलही, पण ते पाहताच मन मागे सरते. त्याला सहृल्लेख म्हणतात. शिकवताना मी हा दोष भरभर उरकीत असे. आक्कांनी मला तो सावकाश शिकवला.

चैत्रात परत आल्यावर आक्कांनी देवाचा स्वयंपाक पुन्हा हाती घेतला आणि घरी तो बटाटा करून पाहायचे मनावर घेतले. प्रथम त्यांनी लिंबू पिळून दूध नासवले आणि ते बटाट्यात घोटले. तार आली नाही, खडे आले. मग म्हैस व्याली. आक्कांनी विचार केला, पहिल्या दिवसाचा चीक आपला आपण घट्ट होतो, त्याला काही नासवावे लागत नाही, तेव्हा तिकडचे ते घट्ट दूध म्हणजे चीकच असणार. खरवस करणाऱ्या मुलखातल्या बाईलाच हे सुचावे! चीक शिजवून, फडक्यात बांधून त्यांनी तो वैशाखात चार दिवस मुरवला. रविवारी मोठ्या कौतुकाने मला दाखवायला आणला. फडके सोडताच पिवळट, बुळबुळीत गोळा कडेने पाणी सोडीत पसरला. त्यावर साय नव्हे, शेवाळासारखे काहीतरी धरले होते. मी उपरणे नाकाला लावले.

रखमा ओसरीवर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आक्का, पिंडाला कावळा शिवतो, ह्याला त्यो बी शिवंना. सकाळधरनं थोडं काढून भितीवर ठिवलंय."

"तू गप. मुरायला कमी पडलं."

शेवटी आक्कांनी फोनवर सुनेला विचारले, की तिकडे ते दूध घट्ट करतात तरी कशाने. पल्लवी म्हणाली, "विचारून सांगते आई." ती आठवड्याच्या बाजारात जाऊन ते विकणाऱ्या बाईला विचारून आली. पोर सरळ मनाची. आडपडदा न ठेवता तिने व्हिडिओवर सांगितले, "आई, ते लोक दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात. वासरू कापलं की त्याचं जठर काढून ठेवतात, त्याच्या रसानं दूध बांधतं."

रखमा शेजारीच होती. तिने मला सांगितले ते असे, की आक्कांनी फोन खाली ठेवला. नंतर परसात जाऊन त्यांनी घशात बोटे घातली. पोटात काही नव्हते. खाऊन कित्येक आठवडे उलटले होते. तरी त्या बराच वेळ तशाच वाकून ओकाऱ्या काढीत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी गेलो, तो चुलीपाशी रखमा. आक्का बाहेर भिंतीला टेकून उन्हात बसलेल्या. आत या म्हटले तर हलल्या नाहीत. सगळे सांगून म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या नाकानं मला दगा दिला. मेलेला उंदीर कळतो आन् कापलेलं वासरू कळत न्हाई? आता मी कोनच्या तोंडानं नाथाचं वरान हुंगू?"

मी त्यांना समजावले, की अजाणता घडलेल्याला शास्त्रात मार्ग आहे. एक दिवस निराहार राहा आणि पंचगव्य घ्या. त्यांनी दोन्ही केले. पंचगव्याची वाटी त्यांनी माझ्यासमोर, चेहऱ्याची रेघही न हलवता रिकामी केली. मला वाटले, विषय संपला. मी विचारले, "मग उद्यापासून चुलीपाशी?"

त्यांनी मान हलवली. "गुरुजी, तुमी माझं पोट धुतलं. पर जीभ आजून मागती. वरान शिजाय लागलं की मला त्या बटाट्याची याद येती आन् तोंडाला पानी सुटतंय. देवाचं रांधताना माझ्या तोंडाला वासराच्या पोटाचं पानी सुटतंय. आसलं रांधलेलं देवाला कसं दावू?"

अजाणता केलेल्या पापाची प्रायश्चित्ते मला ठाऊक होती, जाणूनबुजून केलेल्याची ठाऊक होती. पण जिभेने मागाहून मागितलेल्या गोष्टीचे काय करायचे, हे मी पुष्कळ शोधले. मला सापडले नाही.

तात्यांना मात्र सगळे सापडले होते. तपकिरीची चिमूट ओढून ते म्हणाले, "गुरुजी, दोन मंत्र म्हना, पानी शिपडा आन् मिटवा. कुनाला काय कळतंय? पर ध्यानात ठिवा, माघातल्या जत्रेच्या आत थोरलीनं हात लावला पायजे. जत्रा उलटली की मान धाकटीकडं जातो, आन् गेलेला मान परत येत नसतो. आपल्या देवळाची रीत हाय ती." रीत खरी होती. मात्र "कुनाला काय कळतंय" हे शब्द देवाच्या दारात उभे राहून उच्चारलेले ऐकले आणि मला जी शिसारी आली, तशी त्या चिकाच्या गोळ्यानेही आली नव्हती.

रखमाला मान हवा होता, आणि ती ते लपवीत नसे. परंतु तिची अडचण निराळी होती. "मला काय, मी जल्मभर करीन की. पर ह्या आशा भितीला पाठ लावून बसल्या की माझं मीठ चुकतंय. तुमीच सांगा गुरुजी, एक तर आत या म्हनावं, न्हाईतर घरी जावा म्हनावं."

आक्का घरी गेल्या, पण एक निश्चय करून. मला म्हणाल्या, "मी त्यो बटाटा करनार. वासराबिगर. तीच चव आली, तर मला आवडलं ते बटाट्यातलं आन् दुधातलं हुतं, वासराचं नव्हं. मंग मी सुटले. आन् न्हाई आली, तर मला वासरूच आवडलं म्हनायचं. मंग मान रखमाला. तुमी दर ऐतवारी येऊन बघायचं. उद्या कुनी म्हनाय नको, की तिकडची वासराची पुडी मागवून घातली."

अशा रीतीने त्या साक्षीचे काम माझ्याकडे आले. देवाच्या कामासाठी म्हणून मी ते पत्करले.

दूध बांधायला काय घालायचे, हे त्यांना माहेराने दिले. त्यांचे माहेर खोरचे, अंजिरांच्या बागांतले. लहानपणी रानात चहा उकळताना कोणी अंजिराच्या ओल्या फांदीने ढवळले की दूध फाटे आणि मार बसे, हे त्यांना आठवले. भावाकडून त्यांनी हिरवी अंजिरे आणि कोवळ्या फांद्या आणवल्या. देठ मोडला की पांढरा चीक ठिबकतो. तो त्या वाटीत धरीत. त्याने बोटांची सालपटे निघाली आणि त्यात पाणी झाले. सोवळ्याच्या घरात लसूण आणि हा खटाटोप नको म्हणून गोठ्याचा एक कोपरा त्यांनी सारवून घेतला होता. तेथे कोमट दुधात चीक टाकायचा, दूध बांधले की कापायचे, फडक्यात गाळायचे, पाट्याखाली दाबायचे आणि मुरत ठेवायचे, असे चालले.

आषाढापासून दिवाळीपर्यंत मी त्या कोपऱ्यात जे पाहिले, ते लिहिताना आजही माझे तोंड वाकडे होते. एकदा चीक जास्त पडला. दूध बांधले, पण इतके कडू की म्हशीने पेंडीत मिसळलेले ते हुंगून घमेले उलथले. एकदा पावसाळी हवेत गोळ्यावर हिरवी, केसाळ बुरशी वीतभर चढली आणि आक्कांनी ती जुन्या धोतरावरून केस झटकावेत तशी झटकली. एकदा फडके उघडले, तर गोळा आपोआप हलत होता. मला वाटले, दृष्टिदोष. वाकून पाहिले. बारीक, पांढऱ्या अळ्या एकमेकींवरून चढत होत्या, काही उडी मारून माझ्या धोतरावर आल्या. मी "हरी हरी" म्हणत बाहेर आलो आणि कडुनिंबाखाली उभा राहून नामस्मरण करू लागलो. आतून आक्कांचा आवाज आला, "गुरुजी, तुमी बघितलं न्हवं? मंग साक्ष झाली. घरी जावा आता, अंघूळ करा."

खुटबावच्या फलाटावर शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला, हे मी पाहिले.

एकदा मी न राहवून म्हणालो, "आक्का, नाथ एवढे मागत नाही हो."

हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, डोळे वासाने चुरचुरलेले. त्या म्हणाल्या, "नाथ कशाला मागंल? मागती ती माझी जीभ. तिलाच इचारायला बसलीया मी."

त्या काळात त्या जेवत फार कमी. दुधाचा चहा सुटला. रखमा सांगे, की झोपेतही त्या हात पदराला पुसतात. गावात कुजबुज होतीच. कोणी म्हणे, फ्रान्सला जाऊन आक्का फिरली. कोणी म्हणे, चेटूक करते. तात्या गोठ्याकडे नाक मुरडून, दुरूनच "जत्रा आली बरं का!" म्हणून जात.

पौषात थंडी पडली आणि दूध वळणावर आले. चीक किती थेंब, दूध किती कोमट, हे आता त्यांच्या हाताला कळत होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रविवार होता. पौर्णिमेला देवळात पूजा असल्याने मी मुक्कामाच्या तयारीने गेलो होतो. आक्कांनी फडके उघडले. आत घट्ट, पांढरा, कोरडा गोळा. वास आंबटसर, पण वाईट नव्हता. निदान आक्का म्हणाल्या, नव्हता. माझे नाक एव्हाना न्याय करण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी एक तुकडा गरम पाण्यात टाकून ओढून पाहिला. तो वातीसारखा लांबला.

गोठ्याबाहेर तीन दगडांची चूल. तांब्याचे घंगाळ. उकडलेले बटाटे, लोणी, साय, आणि ती लसूण. आक्का लाकडी दांडक्याने घोटू लागल्या. गोळ्याचे तुकडे त्यात पडू लागले. बराच वेळ नुसते डिखळे फिरत राहिले. मग ते एकजीव झाले, चकाकू लागले. आक्कांनी दोन्ही हातांनी दांडका वर उचलला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यापर्यंत. दुधाळ, रुंद, न तुटणारी पट्टी घंगाळातून त्यांच्या हातापर्यंत ताणून उभी राहिली.

रखमा ओरडली, "अगं बया! आक्का! आलं की तुमचं!"

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी ताटलीत थोडे घेतले, जमिनीवर बसल्या आणि एक घास तोंडात घालून डोळे मिटले. आम्ही दोघे उभे होतो. मला एवढेच स्मरते, की मी मनातल्या मनात नाथाला हात जोडले होते, आणि कशासाठी जोडले हे मला नीट ठाऊक नव्हते.

"तीच," आक्का म्हणाल्या. "तीच चव हाय. वासराबिगर तीच."

"मग सुटलात आक्का!" मी म्हणालो.

त्यांनी दुसरा घास उचलला. तो तोंडापाशी गेला आणि तेथेच थांबला. त्यांचा चेहरा पाहता पाहता पालटला. ताटली खाली ठेवून त्या उठल्या आणि गोठ्यामागे गेल्या. ओकण्याचा आवाज आला. या खेपेस पोटातून खरोखरच आले असावे. पुष्कळ वेळाने त्या पदराने तोंड पुसत परतल्या. डोळे लाल, चेहरा घामाने डबडबलेला, आणि त्या चेहऱ्यावर मी इतक्या महिन्यांत न पाहिलेले काहीतरी होते.

"काय झालं आक्का?" रखमाने घाबरून विचारले.

"काय न्हाई. चव तीच हाय. पर घास वर उचलला आन् मला त्या अळ्या दिसल्या. त्यो हिरवा केस दिसला. म्हशीनं लाथाडलेलं घमेलं दिसलं." त्या खाली बसल्या. "गुरुजी, जीभ मागत न्हाई आता. मी तिला इचारलं. नको म्हनती."

"आता वरण शिजताना?"

"आता वरान शिजताना वरानच आठवंल." मग घंगाळाकडे हात करून त्या रखमाला म्हणाल्या, "ते टाकून दे गं उकिरड्यावर. माझ्यानं बघवत न्हाई."

रखमा घंगाळापाशी उभी राहिली. तिने बोट बुडवले, चाटले. पुन्हा बुडवले. मग ती सरळ खाली बसली आणि आक्कांच्या ताटलीतच वाढून घेऊन खाऊ लागली. तार तिच्या हनुवटीवर लोंबत होती, ती तिने बोटाने गुंडाळून तोंडात घातली.

"रखमे, किळस न्हाई येत तुला?"

"कशाची? मी कुठं तुमच्यावानी सा महिने त्याच्यात हात घालून बसले हुते? झ्याक झालंय. आक्का, आजून बटाटं हायेत का उकडलेलं?"

आक्का तेव्हा हसल्या. नाकाला पदर लावून, जावेकडे पाठ करून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मी देवळाकडे निघालो. अन्नाचे दोष सांगणारी ती ओळ मी कितीदा शिकवली होती. मनाला येणारी किळस तेथे टाळायच्या गोष्टींत मोजलेली आहे. माझ्या उपासाने आणि पंचगव्याने जे झाले नाही, ते त्या किळसेने केले. नाथाने ते तिच्याकडून करून घेतले, असे मी मानतो. मी स्वतः त्या पदार्थाचा कण चाखला नाही, आणि न चाखल्याचे मला वाईटही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सकाळीच देवळामागच्या चुलीतून धूर निघाला. तात्या आले, वाकून पाहिले, तपकिरीची डबी उघडली आणि तशीच मिटून खिशात घातली. पूजा आटोपून मी सभामंडपाच्या खांबापाशी उभा राहिलो. मागच्या दाराने प्रथम रखमा आली. नैवेद्याच्या वाटेवर पाणी शिंपडण्याचे काम धाकट्या जावेचे. तांब्यातून पाणी शिंपडीत ती "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होती, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा दुप्पट मोठा होता. तिच्यामागून सगुणाक्का आल्या. केस ओले, लुगडे अंगाला चिकटलेले, चिकाने सोललेल्या बोटांनी धरलेले ताट केळीच्या पानाने झाकलेले. वाफ पानाच्या कडेने वर येत होती.

मी हात जोडले. त्या माझ्या अगदी समोरून गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. नैवेद्य हातात असताना त्या कोणाकडेच पाहत नसत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी त्यांनी मान किंचित लववली आणि आत गेल्या.

त्यानंतर माझे गुडघे गेले आणि मुलाने मला शिरूरला आणले. पुढच्या पावसाळ्यात आक्का गेल्याचे गणेशने फोनवर कळवले. त्या दिवसाचाही नैवेद्य त्यांनीच केला होता, असे तो म्हणाला.